चिखलावरून चालायचे कसे? चाकाच्या एका जुन्या अडचणीचा इतिहास

चिखलात पाय रुतला की आपण दुसऱ्या पायावर जोर देऊन तो काढू पाहतो. मग दुसरा पायही रुततो. जाणता माणूस अशा वेळी जवळ पडलेली फळी, झाप किंवा गवताचा भारा चिखलावर टाकतो आणि त्यावर पाय ठेवतो. भार तेवढाच असतो, पण पाय रुतत नाही. ही युक्ती कुणी शोधली हे कुणालाच सांगता येणार नाही. मात्र ती चाकाला कशी शिकवायची, या प्रश्नावर माणसाने अडीचशे वर्षे डोके खर्च केले आहे. या लेखात आपण त्याचाच इतिहास पाहणार आहोत. त्याच्या शेवटी आपल्याला आजची एक छोटीशी गाडी भेटेल. ती म्हणजे शेतावर सामान वाहणारी, फुगीर टायरांची चारचाकी, जिला इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांवरून ‘एटीव्ही’ म्हणतात. हौशी लोक तिच्यात फेरफार करून तिला गुडघाभर चिखलातून नेतात. हे फेरफार म्हणजे भौतिकशास्त्राच्या पुस्तकातील चार-पाच प्रकरणांची उजळणीच आहे. त्यातली काही प्रकरणे माणसांच्या जिवावर बेतली आहेत, म्हणून ती नीट समजून घेतली पाहिजेत.

दाब आणि पकड

आधी थोडे गणित करू. ६० किलो वजनाचा माणूस चालत असताना क्षणभर त्याचा सगळा भार एकाच पावलावर असतो. पावलाचे जमिनीला टेकलेले क्षेत्रफळ १५० चौ. सें.मी. धरले, तर दर चौ. सें.मी.वर ०.४ किलो भार येतो. आता बैल घ्या. त्याचे वजन ३५० किलो आणि प्रत्येक खुराचे क्षेत्रफळ ८० चौ. सें.मी. धरले, तर चारही पायांवर स्थिर उभा असताना दर चौ. सें.मी.वर सुमारे १.१ किलो भार येतो आणि चालताना त्याहून जास्त. म्हणजे बैल माणसापेक्षा खूपच खोल रुतायला हवा, आणि तो रुततोही. तरी भाताच्या खाचरात चिखलणी करताना बैल दिवसभर चालतो. हे कसे, ते पुढे पाहू.

वर्गात एक सोपा प्रयोग करता येईल. शाडूची माती सरसरीत कालवून घमेल्यात पसरा. तिच्यावर वीट प्रथम आडवी, मग कडेवर आणि मग उभी ठेवा. प्रत्येक वेळी ती किती रुतते ते पट्टीने मोजा. वजन तेच, क्षेत्रफळ वेगळे. रुतण्याचा संबंध निव्वळ वजनाशी नसून दाबाशी आहे, हे मुले स्वतःच सांगतील.

पण न रुतणे हे अर्धेच काम झाले. गाडी पुढे जायची असेल, तर चाकाने जमिनीला मागे ढकलले पाहिजे आणि जमिनीने तो रेटा सोसला पाहिजे. जमीन किती रेटा सोसेल? याचे उत्तर विद्युतभारांच्या नियमामुळे आपल्या परिचयाचे असलेले फ्रेंच अभियंता कुलाँ यांच्या १७७६ साली छापून आलेल्या निबंधात आहे. त्यांनी मातीच्या ताकदीचे दोन भाग केले. एक कणांच्या परस्पर चिकटण्याचा, दुसरा कणांमधील घर्षणाचा. घर्षणाचा भाग वरच्या भाराबरोबर वाढतो, चिकटण्याचा भाग वाढत नाही. कोरड्या वाळूत जवळजवळ सगळी ताकद घर्षणाची असते. पाण्याने पूर्ण भरलेल्या चिकणमातीत मात्र घर्षणाचा भाग नगण्य होतो, कारण अचानक आलेला भार कणांवर न पडता त्यांच्यामधल्या पाण्यावर पडतो.

याचा व्यवहारातला अर्थ असा. वाळूत गाडीचे वजन वाढवले तर पकडही काही प्रमाणात वाढते. ओल्या चिकणमातीत वजन वाढवून पकड वाढत नाही, गाडी फक्त जास्त रुतते. तिथे उपयोगी पडते ते क्षेत्रफळ. चाक रुतल्यावर चार माणसांनी गाडीवर बसून भार देण्याचा प्रकार चिखलात का फसतो, ते यावरून कळेल.

रस्ता सोबत नेणारी गाडी

फळी टाकण्याची युक्ती गाडीला जोडण्याची पहिली नोंदलेली कल्पना इंग्लंडमधील रिचर्ड लोव्हेल एजवर्थ यांची. त्यांनी १७७० साली घेतलेल्या पेटंटमध्ये गाडी स्वतःचा लाकडी मार्ग स्वतःच पुढे अंथरत आणि मागून उचलत जाईल, असे वर्णन होते. पुढे १८४६ साली जेम्स बॉयडेल यांनी चाकाच्या घेरालाच रुंद फळ्या जोडण्याचे पेटंट घेतले. चाक फिरले की एकेक फळी खाली येई, चाक तिच्यावरून जाई आणि फळी पुन्हा वर उचलली जाई. कल्पना चांगली होती, पण सांधे फार झिजत.

खरी गरज निर्माण झाली ती वाफेचे एंजिन शेतात आणि रानात आल्यावर. अमेरिकेच्या मेन राज्यात ऑल्विन लोम्बार्ड यांनी बर्फावरून ओंडके ओढणाऱ्या, साखळीपट्ट्यावर चालणाऱ्या वाफेच्या यंत्राचे पेटंट १९०१ साली घेतले. दुसऱ्या टोकाला, कॅलिफोर्नियातील स्टॉकटन शहराजवळ, बेंजामिन होल्ट यांच्यापुढे वेगळीच अडचण होती. तिथल्या नदीमुखाच्या प्रदेशातील जमीन कुजलेल्या वनस्पतींची, स्पंजासारखी. अत्यंत सुपीक, पण घोडेसुद्धा तिच्यात रुतत. होल्ट यांनी आधी सरळ उपाय केला, चाके रुंद केली. ती वाढवता वाढवता त्यांचा एक वाफेचा ट्रॅक्टर एकूण ४६ फूट रुंद झाला! असे यंत्र वळवायचे कसे आणि पुलावरून न्यायचे कसे?

मग त्यांनी चाके काढून टाकली. त्यांच्या जागी लाकडी ठोकळे जोडलेले, सुमारे ९ फूट लांबीचे साखळीपट्टे बसवले आणि २४ नोव्हेंबर १९०४ रोजी त्याची चाचणी घेतली. जिथे माणूस घोट्याच्या वर रुतत होता, तिथे ते धूड चालले. पाहणाऱ्याला ते सुरवंटासारखे सरपटताना दिसले. सुरवंटाचे इंग्रजी नाव, ‘कॅटरपिलर’, होल्ट यांनी १९१० साली आपल्या यंत्राचे व्यापारी नाव म्हणून नोंदवले. १९२५ साली होल्ट आणि बेस्ट या दोन कंपन्या एकत्र येऊन जी कंपनी झाली, तिनेही तेच नाव घेतले.

येथे एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. क्षेत्रफळ वाढवण्याचे दोन मार्ग होते, रुंदी वाढवणे आणि लांबी वाढवणे. गाडी जितकी रुंद, तितका तिच्या वाटेत येणारा चिखल जास्त आणि तो दाबण्यात, ढकलण्यात वाया जाणारी शक्तीही जास्त. लांबट पट्टा त्यामानाने एकाच अरुंद वाटेवरून जातो. म्हणून तेवढ्याच क्षेत्रफळाचा लांब पट्टा हा रुंद चाकापेक्षा बहुधा सरस ठरतो.

फ्लँडर्सचा चिखल

पहिल्या महायुद्धात साखळीपट्ट्याचा वापर रणगाड्यासाठी झाला. १५ सप्टेंबर १९१६ रोजी फ्रान्समध्ये ब्रिटिशांनी रणगाडे प्रथम लढाईत उतरवले. पुढच्या वर्षी, जुलै ते नोव्हेंबर १९१७ मध्ये, बेल्जियममधील पासचेंडेलच्या परिसरात ते चिखलाशी झुंजले आणि हरले.

फ्लँडर्सची जमीन चिकणमातीची, सखल, आणि भूजल अगदी वर. शेतकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या चर खणून ती निचऱ्याखाली ठेवली होती. तोफांच्या माऱ्याने हे चर उद्ध्वस्त झाले आणि वर पाऊस आला. पाण्याने भरलेल्या खड्ड्यांची चाळणी झालेल्या त्या जमिनीत अठ्ठावीस टनांचे रणगाडे पोटावर टेकले. एकदा यंत्राचे पोट टेकले की पट्ट्यांवरचा भार कमी होतो, पट्टे नुसते फिरत राहतात आणि प्रत्येक फेऱ्यात थोडी माती उपसून गाडीला आणखी खाली नेतात.

सैनिकांनी यावर काढलेला उपाय आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. रणगाड्याच्या छतावर त्यांनी लाकडाची एक जाडजूड तुळई आडवी ठेवली. गाडी फसली की ती साखळ्यांनी दोन्ही पट्ट्यांना बांधायची आणि पट्टे फिरवायचे. तुळई पुढून खाली जाई, पट्ट्यांखाली आडवी येई आणि रणगाडा तिच्यावर जोर देऊन वर निघे. म्हणजे पुन्हा तीच फळी! त्याच वर्षी २० नोव्हेंबरला कांब्रे येथे, घट्ट आणि निचऱ्याच्या जमिनीवर, हेच रणगाडे शत्रूच्या फळीतून आरपार गेले. यंत्र तेच होते, जमीन वेगळी होती.

हवेने भरलेली पिशवी

साखळीपट्टा जड, महाग आणि पक्क्या रस्त्यावर त्रासदायक. चाकच मऊ करता आले तर? १९३२ साली अमेरिकेतील ॲलिस-चामर्स कंपनीने आपल्या ट्रॅक्टरला विमानाचे, कमी हवेचे टायर लावून पाहिले. तोपर्यंत ट्रॅक्टरची चाके लोखंडी, दातेरी असत आणि रबर शेतात घसरेल असे शेतकऱ्यांना वाटे. ही भीती काढण्यासाठी कंपनीने ट्रॅक्टरच्या शर्यती लावल्या. १९४० पर्यंत अमेरिकेत विकले जाणारे बहुसंख्य नवे ट्रॅक्टर रबरी टायरांवर आले होते.

त्याच काळात फ्लोरिडाच्या दलदलीत एड फ्रँक नावाचे नेपल्स गावचे कारागीर जुन्या मोटारींचे सुटे भाग जोडून शिकारीसाठी उंच चाकांच्या गाड्या बनवत होते. हाताला मिळेल ते वापरून गाडीत फेरफार करण्याच्या या परंपरेतून नेपल्स येथे १९४९ पासून चिखलातल्या शर्यती भरू लागल्या.

आणखी एक धागा उत्तरेकडचा आहे, आणि तो शिक्षकांना विशेष आवडेल. विल्यम अल्बी हे १९३०च्या दशकात अलास्कात शिक्षक होते. सीलच्या कातड्याच्या फुगवलेल्या पिशव्यांवरून तिथले एस्किमो लोक जड होडी किनाऱ्यावर ओढून नेतात, हे त्यांनी पाहिले. मऊ पिशवी दगडावरून जाताना दबते, वाळूत पसरते आणि होडीचा भार सगळीकडे वाटला जातो. पुढे १९५०च्या दशकाच्या सुरुवातीस अल्बी यांनी याच कल्पनेवर ‘रोलिगॉन’ नावाची, पिशवीसारख्या रुंद चाकांची वाहने तयार केली.

टायर हवेने भरलेला आणि त्याचे कापड पातळ असेल, तर तो जमिनीवर साधारण आतल्या हवेइतकाच दाब देतो. त्यामुळे गणित सोपे होते. टायरमध्ये ‘५ पौंड’ हवा म्हणजे दर चौरस इंचावर ५ पौंड, म्हणजेच दर चौ. सें.मी.वर सुमारे ०.३५ किलो. माणसाच्या पावलाचा दाब आपण ०.४ किलो काढला होता. म्हणजे ५ पौंड हवेचा टायर चालणाऱ्या माणसाइतकाच, किंबहुना किंचित कमी रुततो. मोटारीच्या टायरमध्ये ३० पौंड हवा असते, ती सहापट जास्त रुतण्याची तयारीच म्हणायची.

हा सगळा अनुभव शास्त्राच्या चौकटीत बसवण्याचे काम मिचिस्वाव्ह बेकर (१९०५–१९८९) या पोलिश अभियंत्याने केले. महायुद्धात मायदेश सोडून ते १९४२ साली कॅनडात आणि पुढे अमेरिकेत आले. जमीन आणि वाहन यांच्या संबंधावरचा त्यांचा ग्रंथ १९५६ साली प्रसिद्ध झाला. जमिनीत एक चकती दाबायची, किती दाबाला ती किती रुतते ते मोजायचे, आणि त्यावरून चाक किती रुतेल याचा अंदाज करायचा, ही त्यांची पद्धत. वर आपण विटेचा जो प्रयोग सुचवला, तो याच पद्धतीचा शालेय अवतार आहे. चांद्रयात्रींना १९७१ साली चंद्रावर जी गाडी मिळाली, तिच्या चाकांमागे बेकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा अभ्यास होता. तिथे हवेचे टायर न वापरता पोलादी तारांच्या विणीची लवचीक चाके बसवली होती.

तीन चाकांची गाडी

कॅनडात १९६१च्या सुमारास ‘जायगर’ नावाची सहा चाकांची, पाण्यातही तरंगणारी लहानशी गाडी आली. तिचे टायर फुग्यासारखे होते. याच टायरांकडे जपानमधील होंडा कंपनीच्या ओसामु ताकेउची या अभियंत्याचे लक्ष गेले. हिवाळ्यात मोटारसायकली खपत नाहीत, तेव्हा बर्फात आणि चिखलात चालेल असे काहीतरी द्या, अशी कंपनीच्या अमेरिकेतील विक्रेत्यांची मागणी होती. ताकेउची यांनी दोनपासून सहापर्यंत चाकांचे निरनिराळे नमुने करून पाहिले आणि शेवटी तीन चाके पसंत केली. १९७० साली ती गाडी अमेरिकेत ५९५ डॉलरला विक्रीस आली. एंजिन ८९ घन सें.मी.चे, ताकद सात अश्वशक्ती, टायर २२ इंची. स्प्रिंगा नाहीत, टायरच स्प्रिंगेचे काम करत. कापणी झालेल्या शेतात नेल्यावर धसकटांनी हे टायर फुटू लागले, तेव्हा त्यांचे रबर आणि कापड बदलावे लागले.

गाडी मौजेसाठी बनवली होती, पण शेतकऱ्यांनी तिला कामाला लावले. १९८२ साली मागेपुढे सामानाचे कठडे असलेली मोठी तीनचाकी आली. त्याच वर्षी सुझुकी कंपनीने चार चाकांची गाडी आणली आणि १९८६ साली होंडाने चारही चाकांना शक्ती देणारी गाडी काढली.

तोपर्यंत तीनचाकीचा दोष जगापुढे आला होता. तीन चाके जमिनीला टेकतात ते तीन बिंदू जोडा. एक त्रिकोण मिळेल. गुरुत्वमध्यातून जाणारी बलाची रेषा या त्रिकोणाच्या बाहेर पडली की गाडी उलटते. वळताना ब्रेक लावला तर ही रेषा एकाच वेळी पुढे आणि बाजूला सरकते, आणि नेमका तिथेच त्रिकोण निमुळता असतो. शिवाय मागची दोन्ही चाके एकाच अखंड आसावर. वळताना बाहेरच्या चाकाला जास्त अंतर जायचे असते, पण दोन्ही चाके सारखीच फिरतात, म्हणून एकाने घसरलेच पाहिजे. चिखलात ते सहज घसरते. डांबरी रस्त्यावर पकड पक्की असल्याने घसरत नाही, आणि गाडी सरळ जायचा किंवा उलटायचा प्रयत्न करते.

यावर उपाय म्हणून चालवणाऱ्याने आपले अंग योग्य बाजूला झुकवायचे असते. इथे वजनाचा प्रश्न येतो. समजा, गाडी १२० किलोची आहे. ७० किलोच्या प्रौढाने अंग १५ सें.मी. सरकवले, तर दोघांचा मिळून गुरुत्वमध्य साडेपाच सें.मी. सरकतो. ३० किलोच्या मुलाने तेच केले, तर फक्त ३ सें.मी. म्हणजे प्रौढाला जे जमते ते मुलाला, कितीही कौशल्य असले तरी, जमणार नाही. अमेरिकेत १९८०च्या दशकात या गाड्यांवरून शेकडो माणसे मृत्यू पावली आणि त्यांत सोळा वर्षांखालील मुलांचे प्रमाण मोठे होते. सरकारने खटला भरला. एप्रिल १९८८ मध्ये न्यायालयापुढे तडजोड होऊन पाच उत्पादकांनी नव्या तीनचाकी विकणे थांबवले. मोठ्या गाड्या सोळा वर्षांखालील मुलांसाठी विकायच्या नाहीत, असेही ठरले.

फेरफाराचे शास्त्र

राहिली ती चारचाकी. सामान वाहणारी लहान गाडी साधारण २८० किलोची असते. त्यावर ७० किलोचा माणूस धरला, तर एकूण ३५० किलो. ५ पौंड हवा, म्हणजे जमिनीला टेकलेले क्षेत्रफळ सुमारे १००० चौ. सें.मी., दर चाकाला २५०. ही गाडी शेतातल्या ओलाव्यात सहज चालते. पण हौशी माणसाला खोल चिखल हवा असतो, आणि तिथून फेरफार सुरू होतात.

पहिला बदल टायरांचा. २५ इंचांऐवजी २८ इंची, खोल आणि एकमेकांपासून दूर दाते असलेले टायर लावतात. दाते दूर असले की त्यांच्यात अडकलेला चिखल चाक फिरताना बाहेर फेकला जातो, नाहीतर टायर चिखलाने भरून गुळगुळीत होतो. गाडीचे पोट दीड इंच वर उचलले जाते, हाही फायदा. पण एंजिनचा पीळ तोच आणि त्रिज्या मोठी झाल्याने जमिनीवरचा रेटा २५/२८ पट, म्हणजे सुमारे ११ टक्क्यांनी कमी होतो. मग गिअर किंवा क्लचच्या स्प्रिंगा बदलाव्या लागतात.

दुसरा बदल श्वासाचा. एंजिनात हवेबरोबर पाणी गेले, तर पाणी दाबले जात नसल्याने दट्ट्या वर येताना अडतो आणि त्याचा दांडा वाकतो. म्हणून हवेची नळी हँडलपर्यंत वर नेतात. बहुतेक लहान गाड्यांत शक्ती रबरी पट्ट्याने चाकांकडे जाते. हा पट्टा भिजला की घसरतो, म्हणून त्याच्या पेटीच्या नळ्याही वर न्याव्या लागतात. आसाच्या पेटीचीही एक बारीक श्वासनळी असते. चालून तापलेली पेटी थंड पाण्यात बुडाली, की आतली हवा आकसते आणि नळी पाण्यात असेल तर पाणी आत ओढले जाते. वायूंचा नियम शिकवताना हे उदाहरण जरूर द्यावे. रेडिएटरच्या फटी चिखलाने लिंपल्या जातात, म्हणून तोही पुढच्या कठड्यावर चढवतात. आणि रणगाड्यावरच्या तुळईच्या जागी आता पुढे तारेचा रहाट असतो. तार झाडाला बांधायची आणि गाडीने स्वतःला ओढून घ्यायचे.

तिसरा बदल उंचीचा, आणि धोका याच बदलात आहे. समजा, दोन्ही बाजूंच्या चाकांमधील अंतर ९० सें.मी. आणि माणसासह गुरुत्वमध्याची उंची ६५ सें.मी. आहे. आडव्या उतारावर गाडी ज्या कोनाला उलटेल, त्याचे स्पर्शगुणोत्तर ४५/६५, म्हणून कोन सुमारे ३५ अंश. मोठ्या टायरांनी ४ आणि उंची वाढवणाऱ्या जोडभागांनी ५ सें.मी. वाढवले, तर ४५/७४, म्हणजे सुमारे ३१ अंश. वर चढवलेला रेडिएटर तो आणखी कमी करतो. गाडी स्थिर असताना ही स्थिती. वेगात, वळणावर किंवा एक चाक खड्ड्यात असताना मर्यादा याहून पुष्कळ आधी येते. चिखलातून जाण्यासाठी केलेला जवळजवळ प्रत्येक बदल उलटण्याकडे एक पाऊल नेतो, हे त्या माणसाला गॅरेजमध्ये दिसत नाही, कारण तिथली जमीन सपाट असते. तीनचाकीने शिकवलेला धडा चारचाकीवाल्यांना पुन्हा पुन्हा शिकावा लागला, तो म्हणूनच. शेतीच्या कामात या गाड्यांचा सर्रास वापर करणाऱ्या ऑस्ट्रेलियात गाडीखाली चिरडून इतके मृत्यू झाले, की ऑक्टोबर २०२१ पासून सामान्य वापराच्या नव्या गाड्यांवर उलटल्यास माणसाला वाचवणारी कमान सक्तीची झाली. काही मोठ्या उत्पादकांनी त्यापेक्षा तिथला बाजार सोडणे पसंत केले.

आपल्याकडेही या विषयाशी संबंध असलेला एक उपक्रम आहे. अभियांत्रिकीचे विद्यार्थी स्वतः आराखडा करून खडबडीत जमिनीवरची गाडी बांधतात, अशी ‘बाहा’ स्पर्धा अमेरिकेत १९७६ साली आणि भारतात २००७ साली सुरू झाली. महाराष्ट्रातील महाविद्यालयांचे संघ तिच्यात भाग घेतात. तिच्या नियमांत चालकाभोवती नळ्यांचा पिंजरा आणि पट्टे बंधनकारक आहेत. आमच्या मते विद्यार्थ्यांनी तिथे शिकायची सर्वांत मोलाची गोष्ट हीच आहे.

तरंगायचे की तळ गाठायचा?

आता बैलाकडे वळू. आतापर्यंतचे सगळे उपाय चिखलावर तरंगण्याचे होते. बैल तरंगत नाही, तो तळ गाठतो. भाताच्या खाचरात वीतभर चिखलाखाली घट्ट थर असतो, खूर त्याच्यावर टेकतो. खूर दुभंगलेला असल्याने दाबला की फाकतो आणि उचलताना मिटतो, त्यामुळे चिखलातून सहज सुटतो. कोकणात चिखलणीसाठी पॉवर टिलरला जी लोखंडी पिंजऱ्यासारखी चाके लावतात, तीही अशीच चिखल कापत जातात. खोल दात्यांचे चिखलटायर हा याच दुसऱ्या मार्गाचा नमुना. तळ जवळ असेल तेव्हा ते उत्तम. तळच नसेल, तर चाक जितके फिरेल तितकी गाडी खोल जाते. म्हणून चिखलात गाडी घालण्यापूर्वी काठीने खोली पाहणे, हे कोणत्याही फेरफारापेक्षा उपयोगी आहे.

शेवटी प्रश्न उरतो तो चिखलाचा. चिखलणी करताना शेतकरी मातीची घडण मुद्दाम मोडतो, म्हणजे पाणी खाली मुरू नये. चाकांनी दलदलीत नेमके तेच घडते, पण तिथे ते कुणाला नको असते. उत्तर अलास्कात १९४४ ते १९५३ या काळात तेलाच्या शोधात पट्ट्यांचे ट्रॅक्टर फिरले. तिथे वनस्पतींचा पातळ थर खालच्या गोठलेल्या जमिनीवर गोधडीसारखा असतो. तो फाटल्यावर उन्हाळ्यात बर्फ खोलवर वितळले, जमीन खचली, चाकोरीतून पाणी वाहू लागले, आणि त्या चाकोऱ्या कित्येक दशकांनंतरही दिसत होत्या. अमेरिकेत रस्त्याबाहेरच्या वाहनांवर सरकारी जमिनींपुरते नियंत्रण आणणारा अध्यक्षीय आदेश १९७२ सालीच निघाला होता.

कमी दाबाची गाडी रुतत नाही, म्हणून ती नुकसान करत नाही, असा समज होणे साहजिक आहे. पण पहिल्या फेरीत न रुतणारी गाडी विसाव्या फेरीत त्याच वाटेवर रुतते, कारण प्रत्येक फेरी मातीची चिकटण्याची ताकद थोडी थोडी मोडत असते. हेही वर्गात पाहता येईल. शाडूच्या घमेल्यात बोटाने एकाच जागी वीस वेळा हलकेच दाबा. बोटाचा जोर सारखा ठेवा आणि दर पाच दाबांनंतर खोली मोजून आलेख काढा.